अंथरुणावरचा माणूस पोलीस स्टेशनला कसा येणार?

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय
आणि
मा. आयुक्त, मीरा-भाईंदर महानगरपालिका



एकच पत्र दोघांना लिहिते आहे, कारण ज्या माणसांबद्दल लिहायचे आहे ती आपल्या दोन कार्यालयांच्या मधल्या जागेत अडकलेली आहेत. मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींमध्ये, आतल्या खोलीत, पक्षाघाताने एक बाजू गेलेली माणसे आहेत. स्मृतिभ्रंशाने स्वतःचे घर विसरलेली आहेत. खुब्याचे हाड मोडून पडून राहिलेली आहेत. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेली आणि आता चाळिशीला टेकलेली मुले आहेत; घरात त्यांना अजून मुलेच म्हणतात. या सगळ्यांना दुसऱ्या कोणीतरी भरवायचे, पुसायचे, कुशीवर वळवायचे असते. बहुतेक घरे हे मनापासून करतात, कंबर मोडेस्तोवर करतात. पण काही घरांत मार बसतो, पाणी तोडले जाते, हात बांधले जातात, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. असे काही उघडकीला आले की पुढे नेमके काय घडते, ते आपल्यापुढे ठेवायचे आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघरी जाऊन व्यायाम देते. पाहुणे येतात ते उशाशी बसून बोलून जातात. डॉक्टर बहुतेकदा बीपी, नाडी बघतात. माझ्या कामात चादर बाजूला करावीच लागते. हात खांद्यापासून उचलावा लागतो, पाय मांडीपासून वळवावा लागतो, माणसाला कुशीवर घ्यावे लागते. त्यामुळे जे झाकलेले असते ते मला दिसते.

दंडाच्या एका बाजूला चार बोटांचे आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याचे निळे डाग असतील, तर तो माणूस पडलेला नसतो. त्याला आवळून धरून ओढलेले असते. पडण्याची खूण कोपरावर, गुडघ्यावर, कपाळावर येते. मनगटाभोवती गोल वळ असेल तर काहीतरी बांधलेले होते. जीभ कोरडी, ओठ फुटलेले, लघवी थोडी आणि गडद असेल तर पाणी पुरेसे पाजले जात नाही. पाणी कमी पाजले की डायपर कमी बदलावा लागतो, हा हिशेब मी एकाहून अधिक घरांत ऐकला आहे, तोही जेवणाचा बेत सांगावा इतक्या सहज. सकाळी अकरालाही डोळे उघडत नसतील, तर झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप मोजावी. माकडहाडावर जखम झाली असेल आणि ती आत पोखरत गेली असेल, तर कित्येक दिवस कोणी कूस बदललेली नाही.

यातली प्रत्येक खूण म्हणजे छळ, असे मी म्हणत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या कातडीवर साध्या धरण्यानेही डाग उठतो. नीट सांभाळलेल्या माणसालाही बेडसोअर होतो. म्हणूनच कोणीतरी जाणत्या माणसाने जाऊन बघण्याची गरज असते. आज या शहरात असे जाऊन बघणे हे कोणाचेच काम नाही.

एका घराचे सांगते; ओळख पटेल असे काही लिहीत नाही. आजींची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली. समजते सगळे, बोलता येत नाही. मुलगा-सून सकाळच्या चर्चगेट लोकलला निघतात, रात्री आठला परततात. दिवसभरासाठी ब्युरोची, म्हणजे घरी सेवेला माणसे पुरवणाऱ्या एजन्सीची, बाई; बारा तासांची ड्यूटी. एका दुपारी मी आजींचा डावा हात उचलला, तर मनगट पलंगाच्या दांडीला सुती साडीच्या पट्टीने बांधलेले. बाई म्हणाली, नाकातली नळी ओढतात म्हणून बांधले. हे कारण खोटे असतेच असे नाही. दवाखान्यांतही कधीकधी हात बांधतात. पण दंडावर चार बोटे उमटलेली होती, आणि त्या बाईने पलंगाकडे एक पाऊल टाकले तेव्हा आजींनी जी मान फिरवली, तिचे कारण नाकातल्या नळीत नव्हते.

मुलाला फोन केला. तो हादरला, पण तक्रार नको म्हणाला. ब्युरोने उद्या बाई पाठवली नाही तर कामावर कोण जाणार? त्याला दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मग मी स्वतः पोलीस स्टेशनला गेले. कोणते ते लिहीत नाही, कारण मुद्दा एका स्टेशनचा नाही. अंमलदार सभ्य होते, बसायला खुर्ची दिली.

“पेशंटची तक्रार आहे का?”
“त्यांना बोलता येत नाही.”
“मग घरच्यांची?”
“घरचे घाबरले आहेत.”
“मॅडम, मग आम्ही घ्यायची कोणाच्या नावाने? आणि दुखापत तशी साधी आहे, फार तर एनसी होईल. तुम्ही अर्ज देऊन ठेवा.”

अर्ज दिला. त्या अर्जावरून कोणी त्या घरी गेले नाही. ब्युरोने बाई बदलली, आणि प्रकरण मिटले असे सगळ्यांनी धरले. पुढे ती आधीची बाई मला एका वेगळ्याच कॉम्प्लेक्सच्या लिफ्टमध्ये भेटली. अंगात तोच युनिफॉर्म, हातात डबा; ती नवव्या मजल्यावर चालली होती.

अंमलदारांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते कायद्यातच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 7 सांगते की दिव्यांग व्यक्तीचा छळ होत आहे असे वाटण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती वा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना तसे कळवू शकते. कोणतीही व्यक्ती म्हणजे मी, शेजारी, सोसायटीचा वॉचमन, केमिस्टच्या दुकानातला मुलगा. दंडाधिकारी तो छळ थांबवण्याचे, त्या व्यक्तीला तिथून सोडवण्याचे आदेश देऊ शकतात. छळाची तक्रार किंवा माहिती आलेल्या पोलीस अधिकाऱ्यानेही हा हक्क, जवळची मदत संस्था आणि मोफत कायदेशीर मदत यांची माहिती द्यायची असते. याच कायद्याच्या कलम 92 मध्ये, ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारले तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. हा एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, मामला नाही. पक्षाघाताने अंग लुळे पडलेली व्यक्ती या कायद्याच्या व्याख्येत येते. पार्किन्सनचा तर परिशिष्टात नावानिशी उल्लेख आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 याहून पुढे जातो. कलम 101 प्रमाणे, आपल्या हद्दीतल्या एखाद्या घरात मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला वाईट वागणूक मिळते आहे किंवा तिची हेळसांड होते आहे असे मानण्यास जागा असेल, तर पोलीस स्टेशनच्या प्रभारी अधिकाऱ्याने ते ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना कळवायचे आहे. इथे ‘कळवू शकतो’ असे नाही, ‘कळवायचे’ आहे. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांचा गंभीर बिघाडही आहे, म्हणजे डिमेन्शिया त्यात बसतो. देशात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. आपल्या शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 8 लाख 9 हजारांवर होती आणि त्यानंतर घोडबंदरपर्यंत किती टॉवर उभे राहिले ते आपण रोज पाहता. त्या टॉवरांमधल्या एकाही घराबद्दल कलम 101 खाली दंडाधिकाऱ्यांकडे कधी अहवाल गेला असेल, तर तो जाहीर करावा. इतरांना त्यातून शिकता येईल.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा कायदा 2007 चा. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला, नियम 2010 मध्ये आले. त्याचे कलम 24 सगळ्यांना ठाऊक असते: ज्येष्ठाला टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जून 2025 मध्ये आपल्या शेजारी, गोरेगावच्या आरे कॉलनीत, कचऱ्याच्या ढिगाजवळ त्वचेच्या कर्करोगाने आजारी असलेली एक वृद्धा सापडली. तिला दाखल करून घेणारे रुग्णालय मिळेपर्यंत पोलिसांची कितीतरी धावाधाव झाली. त्या बातमीने महाराष्ट्र हळहळला. पण कलम 24 नीट वाचा. त्यातला गुन्हा म्हणजे ज्येष्ठाला कुठेतरी ‘सोडून जाणे’. ज्याने आईला रस्त्यावर आणले नाही, घरातच ठेवले, पण पाण्यावाचून आणि कूस न बदलता ठेवले, तो या कलमात सापडत नाही. आणि चार भिंतींच्या आत ठेवलेल्या माणसाची बातमीही होत नाही.

याच कायद्याच्या राज्य नियमांत पोलिसांसाठी एक तरतूद आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. प्रत्येक पोलीस स्टेशनने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठ नागरिकांची, विशेषतः एकटे राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवायची. पोलिसाने, शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकासोबत, नियमित त्यांच्या घरी जायचे, निदान महिन्यातून एकदा. माननीय पोलीस आयुक्त, आपले आयुक्तालय 1 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाले. त्या दिवशी ज्येष्ठ नागरिक दिनही होता. मीरा रोड, नयानगर, काशिमीरा, नवघर, भाईंदर, उत्तन या स्टेशनांत ती यादी आज कोणत्या कपाटात आहे? तिच्यात किती नावे आहेत? त्यांतली किती माणसे अंथरुणाला खिळलेली आहेत? मागच्या महिन्यात किती दारांची बेल वाजली? हे आकडे दर महिन्याला आयुक्तालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावेत, ही माझी पहिली मागणी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट यादीत कोण यावे याची. एकटे राहणाऱ्यांवर भर देणे योग्यच आहे. त्यांच्या घरांत चोऱ्या आणि खून होतात. पण ज्याच्याविषयी मी लिहिते आहे तो माणूस एकटा नसतो. घरात मुलगा असतो, सून असते, दिवसाची बाई, रात्रीचा वॉर्डबॉय असतो. घर भरलेले असते, म्हणून तो यादीबाहेर राहतो. हेल्पएज इंडियाच्या पाहण्यांत छळ करणारे म्हणून वर्षानुवर्षे वर येतात ते मुलगा आणि सून. 2017-18 च्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या सुमारे पाच टक्के लोकांनी वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचे सांगितले, आणि हे उत्तर देऊ शकणाऱ्यांचे प्रमाण आहे. ज्यांची वाचा गेली, ज्यांना विचारताना समोर तोच माणूस उभा होता, त्यांचे उत्तर कुठे आहे? तेव्हा ‘एकटा आहे का’ याबरोबर ‘स्वतः दार उघडू शकतो का’ हाही प्रश्न यादी करताना विचारावा.

ही माणसे शोधायला पोलिसांनी दारोदार फिरण्याची गरज नाही. महानगरपालिकेच्या आशा ताई घरोघरी जाऊन जो तपासणी तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आधीपासूनच आहेत: खाणे, कपडे घालणे अशा रोजच्या गोष्टींना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरायला होते का. दोन्हीला ‘हो’ असे उत्तर आलेला माणूस म्हणजेच मी सांगते आहे तो माणूस. माननीय महापालिका आयुक्त, हा तक्ता आपल्याच आरोग्य केंद्रात येतो. पुढे त्याचे काय होते? मदत लागते असे कळल्यावर मदत कशी मिळते आहे, हे बघायला कोणी जात नाही. आशा ताईंवर आधीच कामाचे ओझे आहे, मोबदला अपुरा आहे; त्यांनी घरात शिरून भांडण ओढवून घ्यावे असे मी सुचवणार नाही. त्यांनी फक्त खूण करावी. त्यानंतर केंद्राचे डॉक्टर किंवा परिचारिका आणि एक समाजसेवक यांनी त्या घरी जावे, चादर बाजूला करून बघावे आणि कागदावर लिहावे. पोलीस सोबत हवेत की नको, ते त्यांनी ठरवावे. वर्दी दारात उभी राहिली तर सून घाबरते, शेजारी गोळा होतात, आणि पोलीस गेल्यावर त्याचा राग त्याच आजींवर निघतो. हे मी पाहिले आहे. पहिली भेट आरोग्य खात्याची असावी असे मला ठामपणे वाटते.

ब्युरोंकडे वळते. आपल्या शहरात भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला दिली नाही तर घरमालकावर गुन्हा दाखल होतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या कायद्याने परवाना लागतो, रक्षकाची पूर्वपीठिका तपासावी लागते, केंद्राच्या आदर्श नियमांत त्याला 160 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. आणि जी बाई बोलू न शकणाऱ्या माणसाच्या नाकातल्या नळीतून पेज सोडते, ती पुरवणाऱ्या ब्युरोला असा कोणताही परवाना लागत नाही. महापालिका ज्या 1949 च्या कायद्याखाली नर्सिंग होमची नोंदणी करते, तो जागेचा, इमारतीचा विचार करतो. घरी माणूस पाठवणारा त्यात येत नाही. पांढरा कोट घालून आलेल्या मुलीला घरचे ‘सिस्टर’ म्हणतात. तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही, आणि बहुतेक वेळा ती नसते. असहाय माणसाची सेवा करण्याचा करार मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 खाली गुन्हा आहे खरा, पण अदखलपात्र. शिक्षा फार तर तीन महिने, दंड फार तर पाच हजार.

2019 मध्ये केंद्र सरकारने ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले होते. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान निकष, प्रत्येक पोलीस स्टेशनात ज्येष्ठांसाठी नोडल अधिकारी, जिल्ह्यात विशेष पोलीस पथक, हे सगळे त्यात होते. स्थायी समितीने अभ्यास केला, अहवाल दिला. विधेयक मंजूर झाले नाही आणि 2024 मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तशी तेही संपले. दिल्लीची वाट पाहण्यात आणखी पाच वर्षे घालवण्याइतका वेळ माझ्या पेशंटांकडे नाही. महापालिकेने उद्या ऐच्छिक नोंदवही सुरू केली तर तिला कोण अडवणार आहे? ब्युरोचे नाव, पाठवलेल्या प्रत्येक व्यक्तीचे ओळखपत्र, पोलीस व्हेरिफिकेशन, प्रशिक्षण आणि आलेल्या तक्रारी. सोसायट्यांना एक पत्रक गेले की नोंदणी असलेल्या ब्युरोकडूनच माणूस घ्या, तर नोंदणी नसलेल्यांचा धंदा आपोआप बसेल. लिफ्टमध्ये भेटलेली ती बाई त्या नोंदवहीत असती, तर नवव्या मजल्यावरच्या घराला तिच्याबद्दल विचारता आले असते.

त्या बायांबद्दलही लिहायला हवे, नाही तर हे पत्र अन्यायाचे होईल. नालासोपाऱ्याहून, पालघरकडच्या पाड्यांवरून, कोणी झारखंड-ओडिशातून आलेल्या या बाया बारा-बारा तास उभ्या असतात. कित्येक घरांत त्यांना बसायला स्टूल नसते, जेवायला वेगळे ताट असते, रात्री डोळा लागला तर पगार कापतात. सत्तर किलोच्या माणसाला एकटीने कसे वळवायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. मग त्या दंडाला धरून ओढतात. ओढण्यातली काही दुष्टाई असते, काही निव्वळ अज्ञान. घरातल्या सुनेचेही तसेच. पाच-सहा वर्षे एक दिवस सुट्टी न घेता सासऱ्यांचे सगळे करणारी बाई एखाद्या रात्री हात उगारते, तेव्हा तिला तुरुंगात टाकून सासऱ्यांना कोण बघणार? जपानने 2005 मध्ये वृद्धांच्या छळाविरुद्ध कायदा केला, तेव्हा घरी सांभाळणाऱ्यांना आधार देणे हे त्याच कायद्याच्या नावात घातले. तक्रार तिथे नगरपालिकेकडे येते, खातरजमा नगरपालिकेने करायची, आणि सांभाळणाऱ्याला सल्ला व विसावा द्यायचा तोही तिनेच. इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर ॲक्टचे कलम 42 आहे: परावलंबी प्रौढ व्यक्तीचा छळ होत असल्याची शंका आली की स्थानिक कौन्सिलला चौकशी करावीच लागते, मग ती व्यक्ती कौन्सिलची कोणती सेवा घेत असो वा नसो. दोन्ही देशांत पहिले दार स्थानिक संस्थेचे आहे. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. निदान कोणाकडे जायचे हे ठरलेले आहे.

आपल्याकडे कोणाकडे जायचे? साठीपुढच्यांसाठी एल्डरलाइन 14567 आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. राज्यात ती पुण्याचे जनसेवा फाउंडेशन चालवते. त्यांचे लोक फोन उचलतात, नीट बोलतात. पण घरी जायचे झाले की चेंडू पुन्हा स्थानिक यंत्रणेकडेच येतो. तातडीला 112. आयुक्तालयाचा भरोसा सेल आहे. पीडित बाई असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि संरक्षण अधिकारी. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका माय-लेकीच्या खटल्यात ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकल्यापासून आई सुनेविरुद्धही त्या कायद्याने दाद मागू शकते. पीडित पुरुष असेल तर तो कायदा नाही. वय अठ्ठावन्न असेल तर 14567 नाही. सेरेब्रल पाल्सी किंवा मतिमंदत्व असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती आहे, छळ करणाऱ्या पालकाला ती काढूही शकते. पण बावन्नाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन पडलेला रिक्षावाला तिच्याही कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी उरतो तो 2016 चा दिव्यांग कायदा, ज्याचे कलम 7 पोलीस स्टेशनच्या टेबलावर सापडत नाही. मूल असते तर पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची शंका कळवणे मला बंधनकारकच होते. प्रौढ परावलंबी माणसाच्या बाबतीत मला काही बंधन नाही, आणि कळवले तर सरसकट संरक्षणही नाही. ब्युरोने किंवा घरच्यांनी माझ्यावरच तक्रार केली तर ती मात्र लगेच नोंदली जाईल.

ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचे निर्वाह न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ठाण्याला. अर्ज ज्येष्ठाने करायचा, नाही तर त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने. डिमेन्शिया झालेला माणूस अधिकार कसा देणार? न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकते असे कलम 5 सांगते, पण दखल घ्यायला कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोहोचवायला हवे. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे, निर्वाहाची रक्कम दरमहा दहा हजारांपेक्षा जास्त नाही. बारा तासांच्या बाईचा खर्चही त्यात निघत नाही. आणि सुनावणीला गायमुखचा घाट चढून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून जायचे. मार्च 2025 मध्ये मीरा रोडला, हटकेशला, स्वतःचे न्यायालय सुरू झाले, तेव्हा इथल्या वकील-पक्षकारांची ठाण्याची वारी बरीच कमी झाली. तसेच न्यायाधिकरणाने महिन्यातून एक दिवस इथल्या अपर तहसीलदार कार्यालयात बसावे, आणि उठू न शकणाऱ्याची सुनावणी त्याच्या घरी किंवा व्हिडिओवर घ्यावी. हे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे, ठाऊक आहे. आपण दोघांनी मिळून पत्र दिले तर ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही.

शेवटची अडचण सर्वांत अवघड आहे. समजा छळ सिद्ध झाला, त्या माणसाला घरातून काढायचे ठरले. ठेवायचे कुठे? वृद्धाश्रम बहुतेक चालता-फिरता माणूस घेतात; डायपर, कॅथेटर, नळी म्हटले की हात वर. रुग्णालय म्हणते, उपचाराचे काही नाही, घरी न्या. मग पोलीस अधिकारी मनाने कितीही चांगला असला तरी त्याच घराची बेल पुन्हा दाबतो आणि माणूस परत देऊन येतो. भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, आपले टेंबा, महापालिकेने बांधले आणि नंतर राज्य शासनाकडे गेले. तिथे, किंवा मीरा रोडच्या इंदिरा गांधी रुग्णालयात, अशा माणसांसाठी चार-पाच खाटा बाजूला ठेवल्या आणि तीन-चार आठवड्यांची मुदत दिली, तर तेवढ्यात नातेवाईक शोधता येतात, सुनेला विसावा मिळतो, बाई बदलता येते, दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेता येतो. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी महापालिकेकडे असतोच. त्यातून दोन प्रशिक्षित समाजसेवक आणि एक रुग्णवाहिका यांचा खर्च निघावा, असे अंदाजपत्रक करायला मी आणि माझे सहकारी मदत करू.

या शहरात घरी जाऊन काम करणारे फिजिओथेरपिस्ट, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर, रक्त घ्यायला येणारी लॅबची मुले यांना अशी घरे ठाऊक आहेत. आज ती माहिती आमच्या आपापसातल्या फोनवर फिरते आणि तिथेच थांबते. आम्ही ती द्यायला तयार आहोत, पेशंटचे नाव गुप्त राहील आणि कळवणाऱ्याचेही राहील या अटीवर. आपण दोघांनी मिळून एक अधिकारी नेमावा, ज्याच्याकडे पोलिसांचाही फोन जाईल आणि आरोग्य खात्याचाही. त्याचे नाव, खोली नंबर आणि बसण्याची वेळ जाहीर करावी. पहिल्या आठवड्यातच मी त्या खोलीत येईन, नवव्या मजल्यावरच्या घराचा पत्ता घेऊन.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट
मीरा रोड (पूर्व)